एकोणचाळिसावं पान

सोमवार, ५ जानेवारी

दोन ट्रंका, एक टाइपरायटर आणि छत्तिसाव्या वर्षी मिळालेला नवरा, एवढा संसार घेऊन आज या घरात आले. घर बंदराच्या रस्त्यावर आहे. खाली जहाज कंपनीची कचेरी आणि तिचा दप्तरखाना, वर आम्ही. जिना लाकडी, सतरा पायऱ्यांचा. वर तीन खोल्या आणि एक लांब सज्जा. सज्ज्यातून धक्का, क्रेनच्या माना आणि माल उतरवणारी माणसं दिसतात. हवेला डांबराचा वास आहे. मला तो पहिल्या दहा मिनिटांतच आवडून गेला.

दारात वन्सं उभ्या होत्या, यांच्या थोरल्या बहीण. पन्नाशीच्या, लग्न न केलेल्या आणि न केल्याचं जराही वाईट न वाटणाऱ्या. हातातली पिशवी त्यांनी घेतली आणि टाइपरायटरकडे बघून म्हणाल्या की हे धूड मात्र तुझं तू उचल, मला माझी कंबर अजून वापरायची आहे. आमचं जमणार.

हे कंपनीचे दप्तरदार. मला म्हणाले की माझं अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय, तू टाइप करणारी मिळालीस हे माझं नशीब. लग्नाच्या पहिल्या महिन्यात बायकोचं एवढंच कौतुक सुचलं, पण ठीक आहे. ही डायरीही त्यांनीच दिली, कंपनीची, वर बोटीचं चित्र असलेली.

शनिवार, १० जानेवारी

माझ्या नवऱ्याला आधीची एक आहे, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. तिला दोन शिडं नाहीत पण एक धुराडं आहे, आणि ती चाळीस वर्षांपूर्वी बुडाली.

थट्टा बाजूला. युद्धात कंपनीची एक मालवाहू बोट गेली, तिचा इतिहास हे लिहीत आहेत. तिच्या बुडण्याला यंदा चाळीस वर्षं होतील, तेव्हा कंपनी तो छापणार आहे. बोट लढाईची नव्हे. पोटात धान्याची पोती, पंपाचे सुटे भाग आणि औषधांच्या पेट्या. बावीस बोटींच्या तांड्यात निघाली. सहाव्या दिवशी बॉयलर बिघडला आणि ती मागे पडली. तांड्याचा नियम असा की मागे पडलेल्यासाठी कुणी थांबायचं नाही, कारण एकीसाठी थांबलं तर बावीसच्या बावीस जातात. बाकीच्यांनी शिट्ट्या वाजवून निरोप घेतला. दुपारी चार वाजून दहा मिनिटांनी तिची शेवटची तार आली: वेग चार मैल, सगळे ठीक, चहा चालू आहे. पुढे काही नाही. अकरा दिवसांनी एक होडी सापडली, रिकामी, वल्ही नीट बांधून ठेवलेली.

माणसं एकोणचाळीस. यांनी ठरवलंय की प्रत्येकाला एक पूर्ण पान द्यायचं. कप्तानाला एक आणि कोळसा ओढणाऱ्यालाही एकच. घरोघरी जाऊन हे विचारतात, तो काय खायचा, कशाला हसायचा, शेवटी दारातून जाताना काय म्हणाला. हे ऐकताना मला यांचा अभिमान वाटला, तो इथे लिहून ठेवते. माझा स्वभाव मला माहीत आहे, पुढे उपयोगी पडेल.

बुधवार, १४ जानेवारी

बावीस पानं टाइप झाली. हे संध्याकाळी खालून येतात ते बोटीबद्दल बोलतच. जेवताना बोट, हात धुताना बोट. वन्सं म्हणाल्या, नव्याचे नऊ दिवस तरी बायकोला दे, मग जा बुडायला.

आज दप्तरखान्यात गेले. भिंतीवर खलाशांचा एकत्र फोटो आहे, निघण्याच्या दिवशी काढलेला. स्वयंपाकी आणि सुतार यांच्या मधोमध एक बाई. बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या, पाय जरा फाकवून उभी, आणि फोटो काढणाऱ्याला आत्ताच काहीतरी चावट बोललेली असावी असं तोंड. बोटीवरची नर्स. यादीत शेवटची, एकोणचाळिसावी. वय सव्वीस. जवळचे नातेवाईक कुणी नाहीत.

हे फोटोच्या काचेवरची धूळ बाहीनं पुसत होते. म्हणजे काचेच्या त्या भागावरची.

मंगळवार, २० जानेवारी

माझा स्वभाव मत्सरी आहे. सरळ लिहिते, डायरीशी काय लपवायचं. लहानपणी धाकटीला टायफॉइड झाला तेव्हा सगळे तिच्या उशाशी बसायचे, म्हणून मी थर्मामीटर चहाच्या कपात बुडवून आईला दाखवला होता. पारा इतका वर गेला की आईनं मलाच बडवलं.

नर्सची नऊ पत्रं आहेत. नातेवाईक नाहीत, म्हणून आधीच्या सफरींतून कंपनीच्या कचेरीलाच लिहिलेली. मागण्या आणि तक्रारी. स्वयंपाक्यानं माझ्या थर्मामीटरनं सूप ढवळलं, नवा पाठवा. कप्तानसाहेब घोरतात ते इंजिन समजून एक खलाशी तेल घेऊन गेला. हे ती पत्रं जेवताना वाचून दाखवतात आणि घास हातात धरून हसतात. वन्संही हसतात. मीही हसले, कारण विनोद चांगला होता, आणि त्यानंच माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

हे म्हणाले, किती हजरजबाबी आहे बघ ती. होती नव्हे. आहे.

यांचं म्हणणं की तारेतलं ते चहाचं वाक्य तिचंच असणार. सांगताना डोळे पुसले. मलाही चहा उत्तम येतो, पण त्यासाठी मी बुडायला हवं होतं. मेल्या म्हशीला मणभर दूध म्हणतात ते खोटं नाही. जिवंत बाईशी भांडता येतं, तिचे केस पांढरे होतात, ती कधीतरी चुकीचं बोलते. ही सव्वीसचीच राहणार आणि मी दर वर्षी एकानं मोठी होणार.

मला यांनी अजून विचारलेलं नाही की मी कशाला हसते.

शुक्रवार, २३ जानेवारी

तिचं पान आज टाइपाला आलं. बाकी सगळ्यांना एक आणि हिला खाडाखोड करकरून लिहिलेले सहा मसुदे. शेवटचा सगळ्यात सुंदर. यांनी तिच्या दुमडलेल्या बाह्यांवर चार ओळी लिहिल्या आहेत. चार. आमच्या लग्नाला मी कोणत्या रंगाची साडी नेसले होते हे यांना सांगता येणार नाही.

मी ते पान टाइप केलंच नाही. सहाही मसुदे आणि नऊ पत्रं शेगडीत घातली. मग पहिल्यापासून सगळी प्रत काढून बसले आणि जिथे जिथे एकोणचाळीस होतं तिथे खोडरबरानं घासून अडतीस केलं. एकूण चौदा ठिकाणी. यादीतली शेवटची ओळ कात्रीनं कापली. इतकं स्वच्छ काम मी नोकरीतही केलं नव्हतं.

उद्या हे बघतील तेव्हा आकांडतांडव होईल. होऊ दे. निदान माझ्यावर ओरडतील तरी.

रविवार, २५ जानेवारी

ओरडले नाहीत. काल सबंध प्रत वाचली, एक स्वल्पविराम दुरुस्त केला आणि म्हणाले, वा, एकही चूक नाही. मी मुद्दाम विचारलं, त्या नर्सचं काय. तर म्हणाले, कोण नर्स, मालवाहू बोटीवर नर्स कशाला असेल. थट्टा करत होते असं वाटलं, पण यांना थट्टा करताना कान हलवायची सवय आहे आणि कान हलले नाहीत. वन्संनाही विचारलं. त्यांनी माझ्या कपाळाला हात लावून बघितला.

खाली जाऊन फोटो पाहिला. स्वयंपाकी आणि सुतार यांच्या मधोमध एक माणूस मावेल एवढी मोकळी जागा आहे.

घाबरायला हवं होतं. खरं सांगायचं तर मला आधी आनंद झाला. सुंठीवाचून खोकला गेला. दुपारी आम्ही दोघं धक्क्यावर फिरायला गेलो आणि हे माझ्याशी दीड तास कांद्याच्या भावासारख्या फालतू गोष्टींवर बोलले. इतकं बरं मला कधी वाटलं नव्हतं. परवा प्रत छापखान्यात जाईल.

गुरुवार, २९ जानेवारी

कचेरीत एक नवी बाई आली आहे, कागद लावायला. सकाळी जिन्यात भेटली. बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या.

मी कठडा धरून उभी राहिले. ती माझ्याकडे बघून गोड हसली आणि म्हणाली की जिना जपून उतरा, आज हलतोय.

यांना विचारलं, ही कधीपासून. म्हणाले, बरेच दिवस झाले की, तुला माहीत नव्हतं का. नाव विचारलं तर यांनी सांगितलं, आणि मी इथे लिहायला घेतलं तेव्हा ते मला आठवेना. दोनदा जाऊन विचारून आले. दारातून आत येईपर्यंत जातं.

दुपारचं जेवण ती आता वरच घेते. वन्संनीच बोलावलं. जेवताना कप टेबलाच्या कडेपासून आत सरकवते आणि प्रत्येक बशीखाली ओला रुमाल घालते, घसरू नये म्हणून. टेबल तर सपाट आहे. चालते पाय फाकवून. सूप आणि थर्मामीटरचा किस्सा तिनं सांगितला, आपल्या एका ओळखीच्या बाईचा म्हणून. हे घास हातात धरून हसले. वन्संनी तर टेबल बडवलं.

मी हसले नाही. तो विनोद मी शेगडीत घातला होता.

सोमवार, २ फेब्रुवारी

आयत्या बिळावर नागोबा. माझ्या खुर्चीवर ती बसते. माझ्या खिडकीचा पडदा तिनं बदलला आणि हे म्हणाले, आता कसा उजेड आला. वन्सं भाजी निवडायला तिला हाक मारतात. मी तिथेच बसलेली असते.

आणि जमीन हलते. आधी मला चक्कर वाटली. पण टाइपरायटरचा वरचा दांडा आपोआप डावीकडे सरकतो, थांबतो, परत येतो. पेन्सिल टेबलावरून घरंगळते. फक्त माझी. यांच्या दौतीतली शाई जागची ढळत नाही. आज सज्ज्यात उभी राहिले तेव्हा धक्काच हळूहळू वर गेला आणि खाली आला. क्रेनवाला तसाच विडी ओढत बसला होता.

डांबराचा वास आता सोसवत नाही. त्यात कोळशाचा धूर मिसळतो.

यांना सांगितलं. ऐकलं त्यांनी, पण ती आत गुणगुणत होती आणि यांचा एक कान तिकडे होता. कुठला कान ते मला बरोबर कळतं.

बुधवार, ४ फेब्रुवारी

छापखान्यातून तपासायची प्रत आली. नावं पडताळायला यांनी जुन्या हजेरी मुकादमांना बोलावलं. वय पंच्याऐंशी. त्या दिवशी शिडीच्या पायाशी उभं राहून एकेक माणूस मोजून वर सोडणारे हेच.

त्यांनी बोट लावून यादी मोजली आणि म्हणाले, एक कमी आहे. हे म्हणाले, आकडा अडतीसच. म्हातारबुवा ऐकेनात. म्हणाले की चेहरे मी विसरेन, आकडा नाही. एक जरी कमी भरला तरी कप्तान शिडी उचलू द्यायचा नाही, कारण प्रत्येकाच्या नावावर काम लावलेलं असतं. मग आम्ही शिडीच्या पायाशी जो मोकळा उभा दिसेल त्याला वर घ्यायचो. निरोप द्यायला आलेलाही चालायचा. बोटीला माणूस कोण हे कळत नाही, भरती पुरी आहे का एवढंच कळतं.

तेवढ्यात ती चहा घेऊन आली. मुकादमांनी चष्मा वर केला आणि तिला अगदी ओळखीच्या सुरात विचारलं की बाई, तुम्ही उतरलात कधी.

ती म्हणाली, गेल्या महिन्याच्या तेवीसला.

आणि माझ्याकडे बघून पदराआड नव्हे, सरळ समोरून हसली. रागानं नाही. आभार मानावेत तशी.

मी माझ्या हातानं तिला बोटीवरून उतरवलं. जागा रिकामी केली मी. हात दाखवून अवलक्षण, दुसरं काय.

शुक्रवार, ६ फेब्रुवारी

तिचं पान परत टाइप करायला बसले. तिला परत पाठवायचं. सकाळपासून सात कागद.

नाव आठवत नाही. जन्मगाव — नाही. मला फक्त तेवढंच आठवतं ज्याचा मला राग आला होता. बाह्या, सूप, चहा. त्यावर पान भरत नाही. बाकीचं काय होतं त्यात? यांनी इतकं लिहिलं होतं आणि मी फक्त ओळी मोजल्या —

आठव्या कागदावर डोळे मिटून टाइप केलं, बोटं नेतील तिकडे. उघडून बघितलं तर वय छत्तीस. व्यवसाय टंकलेखन. एक धाकटी बहीण.

फाडला.

शनिवार, ७ फेब्रुवारी

सकाळी साडेदहाची बस. धाकटीकडे निघाले. तिकीट काढलं, खिडकीशी बसले. बसमध्ये काही हलत नव्हतं. पेन्सिल मांडीवर ठेवून बघितली, घरंगळली नाही. समुद्र मागे राहिला की सुटले, हे कळत होतं.

बस घरावरून गेली. वर सज्ज्यात ती यांचा सदरा वाळत घालत होती. झटकून, कॉलर सरळ करून. हे दारात उभे होते. कान हलवत होते.

मी घंटी ओढली आणि उतरले.

कळतंय मला. बावळटपणा आहे. पण तिला तो सदरा —

जिना चढताना पायऱ्या ओल्या होत्या.

रविवार, ८ फेब्रुवारी

काल वन्संनी दार उघडलं आणि कोण हवंय म्हणून विचारलं. मग म्हणाल्या, अगंबाई, या ना, आमचा भाऊ आहे आत. कंबरेची काळजी नसल्यासारखी मला खुर्ची स्वतः उचलून दिली. पाहुण्यांना देतात तशी.

सज्ज्याच्या खाली, धक्क्याला — कुणालाच दिसत नाही का? एक धुराडं. शिडी लावलेली आहे.

ती यांच्या ताटात वाढत होती. मी पाहत बसले.

सोमवार, ९ फेब्रुवारी

दुपारचे साडेतीन. हे समोर बसलेत, पेन्सिलीला टोक काढतायत, तेवढ्यात लिहिते.

मला अहो-जाहो करतायत. म्हणाले, आपल्याला त्रास देतोय, पण यादीत एक पान राहिलंय आणि आपली माहिती कुणाकडेच नाही. आवाज इतका मऊ. तो आवाज मला माहीत आहे, घरोघरच्या म्हाताऱ्या आयांसाठी ठेवलेला.

पाणी आलंय. घोट्यापर्यंत, गार. यांचे मोजे कोरडे.

पहिला प्रश्न विचारला. आपण कशाला हसायचात?

मी थर्मामीटरचा किस्सा सांगितला, चहाच्या कपाचा, आईच्या माराचा. हे हसले. पेन्सिल हातात धरून, थांबून, खरे हसले. मग लिहून घेतलं. सगळं.

लग्नात कोणत्या रंगाची साडी — हिरवी. लिहिली त्यांनी. हिरवी कशी, विचारलं. कशी हिरवी, हे कुणी विचारतं का कधी —

गुडघ्यापर्यंत.

उठायला हवं. दार उघडं आहे, माझ्यापासून चार पावलं. उठले तर पान अर्धं राहील. दारात ती उभी आहे. हातात चहाचा ट्रे. गुणगुणणं थांबलंय. यांचे दोन्ही कान माझ्याकडे आहेत आणि तिला ते दिसतंय. तिचं तोंड उतरलंय. बघ. आता तुझ्या पोटात दुखतंय ना —

किती ओळी झाल्या विचारलं. एकवीस. बाह्यांवर चारच होत्या.

खालून शिट्टी. भिंत कलली. हे म्हणतायत, शेवटचंच, मग आपल्याला सोडतो. आपण शेवटी कुठे उभ्या होतात, आणि जवळ कुणी होतं का? यांच्या डोळ्यांत पाणी आहे. माझ्यासाठी.

म्हटलं, घाई करू नका, सगळं नीट लिहून घ्या, मी सज्ज्यापाशी, तुमच्या समोर, आणि तुम्ही माझा हात